अर्ज भरला, मग ‘सापडला नाही’ का दिसतं?

ऑनलाइन अर्ज भरला, ‘सबमिट’ दाबलं, हिरवी खूण आली. लगेच ‘माझे अर्ज’ उघडलं तर तिथं ‘एकही अर्ज सापडला नाही’. माणूस हबकतो, पुन्हा अर्ज भरतो, पुन्हा फी भरतो. मग ठरलेली वाक्यं ऐकू येतात: सर्व्हर हँग झालाय, सर्व्हर कमी पडले, अजून चार लावायला सांगा.

अशा वेळी हे निदान बहुधा चुकीचं असतं. अर्ज हरवलेला नसतो आणि सर्व्हरही धडधाकट असतो. अर्ज लिहिला गेला एका यंत्रावर आणि ‘माझे अर्ज’ हे पान वाचलं गेलं दुसऱ्या यंत्रावरून. पहिल्याची नोंद दुसऱ्यापर्यंत पोचायला जो क्षणभर वेळ लागतो, नेमकं त्याच फटीत तुम्ही पान उघडलं. अजून चार यंत्रं लावून ही फट बुजत नाही.

गर्दीच्या साइटवर डेटाबेसचं एक यंत्र ‘प्रायमरी’ असतं. लिहिण्याची सगळी कामं त्याच्यावर. बाकीची ‘रेप्लिका’; त्यांच्याकडे त्याच माहितीच्या प्रती असतात आणि लोड बॅलन्सर वाचण्याची कामं त्यांच्यात वाटून देतो. वाचणं वाटता येतं, लिहिणं वाटता येत नाही, कारण प्रायमरीवर झालेला प्रत्येक बदल प्रत्येक रेप्लिकेला पुन्हा करावा लागतो. समजा एक यंत्र सेकंदाला १०,००० कामं उरकतं आणि त्यातली २,००० लिहिण्याची आहेत. मग प्रत्येक रेप्लिकेकडे वाचण्यासाठी साधारण ८,००० उरतात. लिहिणं ९,००० वर गेलं, तर उरतात १,०००. दहा यंत्रं लावा, लिहिण्याची कमाल मर्यादा एका यंत्राची तीच राहते. म्हणून निकालाच्या दिवशी, जेव्हा लाखो जण फक्त वाचत असतात, तेव्हा रेप्लिका जीव वाचवतात. अर्जाच्या शेवटच्या तारखेला, जेव्हा सगळेच लिहीत असतात, तेव्हा त्यांचा उपयोग मर्यादित असतो.

आता प्रत बनते कशी, ते पाहू. उदाहरणासाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस घेऊ. जमाखर्च शिकलेल्यांना यातली मूळ कल्पना लगेच ओळखीची वाटेल, कारण ती रोजकीर्द आणि खतावणीची आहे. व्यवहार झाला की आधी कीर्दीत तारीखवार नोंद होते, सवडीने ती ज्याच्या त्याच्या खात्यात मांडली जाते. पोस्टग्रेसमध्ये टेबलं आणि इंडेक्स (ओळ पटकन शोधायची सूची) ही खाती. ती डिस्कवर ८ किलोबाइटच्या पानांत विखुरलेली असतात. एका अर्जाने टेबलाचं एक पान बदलतं आणि सोबत त्याच्या इंडेक्सची काही पानंही. दर अर्जाला ही सगळी पानं जागच्या जागी लिहीत बसलं तर वेग मरतो, आणि मध्येच वीज गेली तर पान अर्धं जुनं, अर्धं नवं राहतं. म्हणून बदलाची नोंद आधी एका सलग फायलीच्या शेवटाला जोडली जाते. हिचं नाव राइट-अहेड लॉग. बोलताना सगळे ‘वॉल’ म्हणतात. ‘कमिट झालं’ याचा अर्थ एवढाच, की कीर्दीतली ही नोंद डिस्कवर पक्की झाली. खतावणी नंतर होते. बदललेली सगळी पानं डिस्कवर उतरवण्याचा जो टप्पा, तो चेकपॉइंट; मूळ सेटिंगमध्ये तो फार तर ५ मिनिटांनी येतो. वीज गेलीच, तर पोस्टग्रेस पुन्हा सुरू होताना शेवटच्या चेकपॉइंटपासून कीर्द वाचतो आणि राहिलेली खतावणी पुरी करतो.

इथं एक फार देखणी गोष्ट दडलेली आहे. कीर्द वाचून आपलंच यंत्र सावरता येतं, तर तीच कीर्द दुसऱ्या यंत्राला दिली तर? त्याच्याकडे सुरुवातीची एक प्रत आहे आणि वॉल येतच राहतो. ते यंत्र सतत ‘सावरत’ राहतं. रेप्लिका म्हणजे कधीच न संपणारी क्रॅश-रिकव्हरी, बंद पडल्यावरचं सावरणं. आधी १६ मेगाबाइटची वॉल फाइल भरली की ती अख्खी उचलून न्यावी लागे. २०१० मध्ये ९.० आवृत्तीत नोंदी तयार होतील तशा नेटवर्कवरून वाहत्या ठेवण्याची सोय आली.

कीर्दीतल्या प्रत्येक नोंदीला जागा-क्रमांक असतो, एलएसएन. तो ६४ बिटांचा आकडा म्हणजे वॉलच्या आरंभापासून किती बाइट पुढे आलो याची मोजणी. दोन एलएसएनची वजाबाकी केली की एक यंत्र दुसऱ्याच्या किती बाइट मागे आहे ते कळतं. प्रायमरीवरच्या ‘पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन’ या व्ह्यूमध्ये (तयार तक्त्यात) प्रत्येक रेप्लिकेचे चार आकडे शेजारी शेजारी दिसतात: कुठवर पाठवलं, कुठवर तिनं ऑपरेटिंग सिस्टीमकडे लिहायला दिलं, कुठवर डिस्कवर पक्कं झालं आणि कुठवर खतावणी झाली. तुमचा अर्ज तुम्हाला दिसतो तो चौथा आकडा त्याच्या पुढे गेल्यावरच. पहिले तीन अगदी जुळलेले आणि चौथा कित्येक मेगाबाइट मागे, असं चित्र नेहमी दिसतं. कारण प्रायमरीवर शंभर जोडण्या एकाच वेळी लिहीत असतात, तर रेप्लिकेवर ती सगळी कीर्द एकच प्रोसेस ओळीनं खतावते.

त्यात भर चेकपॉइंटची. चेकपॉइंटनंतर एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला, की अर्धवट लिहिलेल्या पानाचा धोका नको म्हणून ते अख्खं पान कीर्दीत उतरवलं जातं. शंभर बाइटच्या बदलाला ८ किलोबाइटची नोंद! त्यामुळे प्रत्येक चेकपॉइंटनंतर वॉल फुगतो आणि लॅगचा, म्हणजे रेप्लिका किती मागे आहे याचा, आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. डिस्कला जागा असेल तर हे अंतर ५ वरून १५ ते ३० मिनिटांवर न्यावं. क्रॅशनंतर सावरायला जास्त वेळ लागतो, पण रोजचा भार पुष्कळ हलका होतो.

दुसरी अडचण वाचणाऱ्यांकडून येते. रेप्लिकेवर कुणी मोठा रिपोर्ट चालवतोय आणि प्रायमरीवरून नोंद आली, की व्हॅक्यूमने, म्हणजे पोस्टग्रेसच्या साफसफाईने, जुन्या ओळी साफ केल्या. रिपोर्टला त्याच ओळी हव्या आहेत. खतावणी थांबवावी की रिपोर्ट मारावा? मूळ सेटिंग ३० सेकंद वाट पाहते आणि मग क्वेरी, म्हणजे रिपोर्टने केलेली माहितीची मागणी, रद्द करते. ही मुदत वाढवली तर तेवढा वेळ बाकीच्यांना शिळी माहिती मिळते. म्हणून रिपोर्टसाठी वेगळी रेप्लिका ठेवावी आणि ती वेबसाइटच्या वाटपात घेऊच नये.

‘मग रेप्लिकेनं खतावणी केल्यावरच कमिट म्हणा,’ असा सल्ला येतो. तशी सोय आहे: ‘सिंक्रोनस कमिट’ या सेटिंगला ‘रिमोट अप्लाय’ हे मूल्य द्यायचं. पण काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते हैदराबाद सरळ रेषेत ६२० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन किमान ६ मिलिसेकंद. केबल सरळ नसते, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. तेवढा वेळ बदललेल्या ओळीवरचं कुलूपही सुटत नाही, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती ओळ बदलता येत नाही. उरलेल्या जागांचा एकच आकडा सगळे अर्ज कमी करत असतील, तर सेकंदाला १६० च्या वर बदल होणारच नाहीत. प्रकाशाच्या वेगापुढे कुठल्याही क्लाउडच्या जाहिरातीचं काही चालत नाही. शिवाय एकच सिंक्रोनस रेप्लिका असेल आणि ती पडली, तर प्रायमरीवरचे कमिटही अडकतात. किमान दोन ठेवाव्यात आणि ‘दोन्हींपैकी कुठलीही एक’ असा नियम लावावा.

रेप्लिका उभी करण्याच्या पायऱ्या मोजक्या आहेत. प्रायमरीवर रेप्लिकेशनचा अधिकार असलेला वेगळा युजर करायचा. कुणाला जोडू द्यायचं हे ठरवणाऱ्या ‘पीजी_एचबीए’ फायलीत त्याच्यासाठी ओळ घालायची; इथं डेटाबेसच्या रकान्यात ‘ऑल’ लिहून चालत नाही, ‘रेप्लिकेशन’ हाच शब्द लागतो, आणि निम्मे जण इथंच अडतात. मग नव्या यंत्रावरून सुरुवातीची प्रत आणणारं ‘पीजी_बेसबॅकअप’ चालवायचं. कॅपिटल आर हा पर्याय दिला की जोडणीची माहिती आणि ‘तू रेप्लिका आहेस’ असं यंत्राला सांगणारी ‘स्टँडबाय.सिग्नल’ फाइल आपोआप तयार होते. सोबत रेप्लिकेशन स्लॉट करावा, म्हणजे रेप्लिका काही काळ बंद राहिली तरी प्रायमरी तिच्या वाट्याचा वॉल जपून ठेवतो. मात्र रेप्लिका कायमची काढली आणि स्लॉट तसाच राहिला, तर वॉल साठत जातो, डिस्क भरते आणि प्रायमरीच बंद पडतो. १३ व्या आवृत्तीपासून या साठ्याला कमाल मर्यादा घालता येते, पण मूळ सेटिंगमध्ये मर्यादा नसते. ती स्वतः घालावी.

लोड बॅलन्सर म्हणून एचएप्रॉक्सी सर्रास वापरतात. डेटाबेससाठी तो टीसीपी मोडमध्ये चालतो, म्हणजे आतला मजकूर न वाचता जोडणी तशीच पुढे देतो. जाणारी क्वेरी वाचायची की लिहायची, हे त्याला कळत नाही. म्हणून दोन पोर्ट (जोडणीचे दरवाजे) ठेवतात, लिहिण्याचं आणि वाचण्याचं, आणि कुठलं वापरायचं ते ॲप्लिकेशन ठरवतं. वाटप ‘राउंड रॉबिन’ (पाळीपाळीने) ऐवजी ‘लीस्टकॉन’ (ज्याच्याकडे सर्वांत कमी जोडण्या त्याला) ने करावं, कारण डेटाबेसच्या जोडण्या तासन्‌तास उघड्या राहतात. पण पोर्ट उघडं आहे एवढीच तपासणी ठेवली, तर ‘लीस्टकॉन’ घात करतं: बिघडलेली रेप्लिका प्रत्येक जोडणी झटक्यात नाकारते, म्हणून सर्वांत मोकळी दिसते आणि सगळी गर्दी तिच्याकडेच जाते. तपासणीत तीन प्रश्न हवेत: क्वेरीला उत्तर येतं का, तू रेप्लिकाच आहेस ना, आणि किती बाइट मागे आहेस? मागे असणं वेळात मोजू नये. प्रायमरीवर रात्री कुणी काही लिहीतच नसेल, तर ‘शेवटची नोंद ४० मिनिटांपूर्वीची’ दिसते आणि धोक्याची घंटा उगाच वाजते.

लॅग वाढला की रेप्लिका रीस्टार्ट करायची, ही आपल्या धंद्यातली अंधश्रद्धा आहे. रीस्टार्टने पोस्टग्रेसच्या मेमरीतली पानं जातात, कीर्दीचा थोडा भाग पुन्हा खतावावा लागतो आणि लॅग आणखी वाढतो. रेप्लिका असली की बॅकअप नको, ही त्याहून घातक. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामांचा कोड साठवणाऱ्या सेवेत रेप्लिकेशन दुरुस्त करताना चुकून प्रायमरीवरचाच सुमारे ३०० जीबी डेटा पुसला गेला. नेहमीचे बॅकअप निकामी निघाले आणि सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. चुकीचा ‘डिलीट’ तर रेप्लिका निष्ठेनं, क्षणात खतावते.

प्रायमरी पडल्यावर रेप्लिकेला बढती देणं आपोआप व्हावं असं सगळ्यांनाच वाटतं. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहब या तशाच सेवेच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावर नेटवर्क ४३ सेकंद तुटलं. तिथं डेटाबेस पोस्टग्रेस नव्हे, मायएसक्यूएल होता. यंत्रणेनं पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रतीला बढती दिली, पण पूर्वेकडच्या काही नोंदी तिकडे पोचल्याच नव्हत्या आणि आता पश्चिमेकडेही नव्या नोंदी पडू लागल्या. एकाच दुकानाच्या दोन कीर्दी! सेवा २४ तास ११ मिनिटं विस्कळीत राहिली. बढतीचा निर्णय किमान तीन साक्षीदारांच्या बहुमतानं व्हावा, आणि बढती मिळणारी रेप्लिका ठरावीक बाइटांपेक्षा मागे असेल तर यंत्रणेनं थांबून माणसाला विचारावं.

राहिला तो अर्ज. कमिट होताच प्रायमरीला सध्याचा एलएसएन विचारायचा आणि तो त्या व्यक्तीच्या सेशनमध्ये (साइटवरच्या तिच्या भेटीपुरत्या नोंदीत) ठेवायचा. ‘माझे अर्ज’ उघडताना रेप्लिकेला तिचा खतावणीचा एलएसएन विचारायचा. तो पुढे असेल तर तिच्याकडून वाचायचं, मागे असेल तर तेवढं एक पान प्रायमरीकडून. बाकीचे लाखो वाचक रेप्लिकेवरच राहतात. आणि फॉर्म उघडतानाच त्याला एक क्रमांक देऊन टेबलात त्या रकान्यावर युनिक बंधन (एकच क्रमांक दोनदा नको) घालायचं, म्हणजे घाबरून कुणी ‘सबमिट’ पुन्हा दाबलं तरी दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो; आणि फी घेण्याआधीच ही नोंद केली, तर पैसेही दुसऱ्यांदा कापले जात नाहीत.