पर्णवटवटे : शरद ऋतूतील ओळख

फायलोस्कोपस प्रजातीतील हिरवट-पिवळे, कीटकभक्षी पक्षी. लांबी साधारण १० ते १२ सेंमी., वजन बहुधा १० ग्रॅमच्या आत. हिमालय, मध्य आशिया व कॉकेशस येथे वीण उरकून ते सप्टेंबर-ऑक्टोबरात महाराष्ट्रात येतात आणि एप्रिलच्या सुमारास परततात.

नवखे पक्षिनिरीक्षक रंगापाशी अडकतात, आणि इथे रंगाइतके फसवे काही नाही. पानांतून आलेल्या उन्हात पांढुरके पोटही पिवळे भासते. पिसे झिजली की पंखावरची फिकट पट्टी पुसट होते, कधी उरतच नाही. म्हणून आधी हाक ऐकावी, मग पक्षी झाडात किती उंचीवर वावरतो ते पाहावे. पोटाचा रंग सर्वांत शेवटी. इंग्लंडमध्ये गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ साली सारख्याच दिसणाऱ्या तीन पर्णवटवट्यांना वेगळे काढले तेही मुख्यतः गाण्यांवरून.

हिरवट पर्णवटवट्या मोठ्या झाडांच्या शेंड्यांत असतो. हिवाळ्यातही तो आपली हद्द राखतो, त्यामुळे त्याची ‘चि-वी’ ही दुहेरी हाक सारखी कानावर पडते. कॉकेशसकडून येणारा हिरवा पर्णवटवट्या त्याचाच भाऊबंद. त्याचा गळा व पोट अधिक पिवळे, पण पिसे झिजल्यावर दोघांत फरक करणे फार अवघड. अशा वेळी वहीत दोन्ही नावे मध्ये तिरकी रेघ देऊन लिहावीत. ह्यूमच्या पर्णवटवट्याच्या पंखावर दोन पट्ट्या, पोट पांढुरके, चोच बारीक व काळपट. (हे ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेतलेच ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम.) मुकुटधारी पर्णवटवट्याच्या डोक्यावर मधोमध फिकट भांग असतो, चोच दणकट.

पंखावर पट्टी नसलेल्यांत टिकेलचा आणि गंधकी पोटाचा, हे दोघे खरोखर पिवळे. टिकेलचा झुडपांत, जमिनीलगत वावरतो. हाक तुटक, ‘चेप’. गंधकी पोटाच्याची पाठ तपकिरी-करडी, भुवई डोळ्यापुढे गडद पिवळी. छायाचित्रात या दोघांची गल्लत होऊ शकते, माळावर सहसा नाही: गंधकी पोटाचा कातळावर आणि झाडाच्या खोडावर सरपटल्यासारखा चढतो, भेगाभेगांतून किडे टिपतो. पानांशी त्याला फारसे देणेघेणे नसते.