वनस्पतिशोध व उद्यानविद्या अभ्यासप्रवास अनुदान (बेळगाव सीमाभाग)

रानातील वनस्पती शोधून त्यांची शास्त्रीय नोंद करण्यासाठी, किंवा बागा, रोपवाटिका आणि फळसंशोधन केंद्रे पाहून शिकण्यासाठी मिळणारे अर्थसाहाय्य. खते-औजारांवरच्या सवलतीहून हे वेगळे. इथे पैसा माणसाच्या फिरण्यावर खर्च होतो, म्हणून हिशेबनिसाच्या भुवया जरा लवकर उंचावतात.

बेळगाव जिल्ह्यात असा शोध मुख्यतः खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला होतो. जांबोटी, मलप्रभेच्या उगमाचे कणकुंबी, चोर्ला घाट आणि २०११ साली अभयारण्य झालेले भीमगड हा सगळा सह्याद्रीचा पट्टा आहे. बेळगाव मुंबई इलाख्यात होते तेव्हा स्वतंत्र अनुदान असे नव्हतेच. सरकारी नोकरीतली फिरती हेच अनुदान. डाल्झेल आणि गिब्सन यांनी १८६१ मध्ये इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला, त्यातले गिब्सन वनखात्याचे प्रमुख होते. पुढे थिओडोर कुक यांच्या ग्रंथात (१९०१–०८) बेळगावच्या नमुन्यांपुढे ते गोळा करणारे रिची यांचे नाव वारंवार भेटते.

आज वाटा अनेक, पण सगळ्या सगळ्यांसाठी खुल्या नाहीत. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो (१९७६) पिकांचे देशी वाण व त्यांचे रानटी भाईबंद गोळा करण्याच्या मोहिमा काढतो. त्या संस्थेच्या असतात, एकट्या हौशी अभ्यासकाच्या नव्हेत. ब्रिटनमधील रफर्ड फाउंडेशन निसर्गसंवर्धनाच्या छोट्या प्रकल्पांना मदत देते, आणि भारतीय अभ्यासकांना ती मिळत आली आहे. व्हॅलेरी फिनिस यांनी १९९० मध्ये स्थापलेला मर्लिन ट्रस्ट तरुण माळीकाम शिकणाऱ्यांना परदेशी वनस्पती पाहायला पाठवतो, पण तो ब्रिटन-आयर्लंडच्या मंडळींपुरता; खानापूरच्या मुलाने नमुना म्हणून पाहावा, अर्ज करू नये.

शेतकऱ्यांसाठी खरी वाट ‘आत्मा’ची, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेची. तिच्यात जिल्ह्यांतर्गत, राज्यांतर्गत आणि राज्याबाहेरचे असे वेगवेगळे अभ्यासदौरे धरलेले असतात. सीमाभागाची गोची इथेच होते. खानापूरच्या काजू बागायतदाराला वेंगुर्ल्याचे फळसंशोधन केंद्र कर्नाटकातल्या पुत्तूरच्या काजू संशोधन संचालनालयापेक्षा कितीतरी जवळ, तिथली हवा-माती ओळखीची, बोली आपली. तरी कागदावर वेंगुर्ला परराज्य आणि पुत्तूर घरचे. काजूला ही हद्द ठाऊक नाही. कर्नाटक कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात अर्ज कन्नडमधून भरायचा, हे ओझे वेगळेच. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात पाहण्यासारखे ठिकाण म्हणजे गोकाकजवळच्या अरभावीचे उद्यानविद्या महाविद्यालय.

वनस्पतिशोधाची अडचण वेळेची आहे. सड्यावरची, म्हणजे कातळपठारावरची, बहुतेक फुले पावसात आणि त्याच्या मागोमाग येतात, तर पैशाचे वर्ष मार्चअखेर संपते. मंजुरी दिवाळीनंतर आली की तो हंगाम गेलाच. पावसात काम करणेही सोपे नसते. नमुना वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवतात. कागद वेळच्या वेळी बदलले नाहीत तर बुरशी धरते. कंदीलपुष्पाच्या (सेरोपेजिया) पाकळ्या टोकाशी जुळून जो पिंजरा होतो तो दाबल्यावर चपटा पडतो, म्हणून एखादे फूल स्पिरिटमध्ये वेगळे ठेवावे लागते. रंग वाळल्यावर उडतो, तो जागेवरच वहीत लिहितात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने कंदीलपुष्पाच्या जातींवर मोठे संवर्धनकार्य केले आहे. खानापूरहून ते जवळच, पण पुन्हा परराज्यात.

अभयारण्यात नमुना तोडण्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे परदेशी व्यक्तीला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद त्याच कायद्यातून आली. कोणता कंद कुठल्या सड्यावर निघतो हे गुराख्याला नेमके ठाऊक असते. त्यामुळे खर्चाच्या तक्त्यात वाटाड्याच्या मजुरीचा वेगळा रकाना असलेला बरा; तो नसला की ती रक्कम ‘इतर खर्चा’त जाते आणि पहिली कात्री तिलाच लागते.