नव्या तलावात ब्लीचिंग पावडर ओतत बसू नका

"पाणी गढुळलं? टाक अजून चार मुठी ब्लीचिंग!" सांगलीकडे फार्महाऊसवर नवा पोहण्याचा तलाव बांधला की हा सल्ला हमखास मिळतो. चूक आहे. नव्या सिमेंटच्या गिलाव्यातून चुना पाण्यात उतरत राहतो, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी, याचं माप) ८ च्या वर जातो. पीएच ७.५ ला ब्लीचिंगमधलं निम्मं क्लोरीन कामाचं असतं, ८ ला जेमतेम पाव. त्यात ब्लीचिंग पावडरीतही चुनाच! शिवाय आपल्या बोअरचं पाणी आधीच जड. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो ना, तोच टाइल्सवर बसतो. म्हणून आधी हायड्रोक्लोरिक आम्ल थोडं थोडं घालून पीएच ७.२ ते ७.६ वर आणा, मग क्लोरीन. पहिला महिना रोज तपासायचं. आम्ल पाण्यात ओतायचं, उलट नाही. आणि आम्ल ब्लीचिंगच्या डब्यापासून लांबच ठेवायचं.