तोंडातले जिवाणू प्रोबायोटिक म्हणून कसे पारखतात : पार्श्वभूमी

प्रोबायोटिकच्या कसोट्या मुळात आतड्यासाठी घडल्या. 1907 च्या सुमारास इल्या मेचनिकॉफ यांनी आंबवलेल्या दुधातल्या जिवाणूंचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला आणि पुढची अनेक दशके हे संशोधन दही-ताकाच्या जिवाणूंभोवतीच राहिले. 2001 मध्ये अर्जेंटिनातल्या कोर्दोबा इथे जागतिक अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या केली : पुरेशा मात्रेत दिल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. त्याच धर्तीवर आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2011 मध्ये भारतासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जठरातले आम्ल सोसते का, पित्तात तगते का, या प्रश्नांना त्यांत महत्त्वाचे स्थान आहे. पण जिभेवर किंवा घशात काम करायचे असलेल्या जिवाणूची पित्ताशी गाठच पडत नाही. आजही तोंडातून वेगळ्या केलेल्या जिवाणूची ओळख 0.3 टक्के पित्तक्षारातल्या आकड्यांनी करून देणारे शोधनिबंध येतात. त्या आकड्यांवरून तोंडातल्या उपयोगाबद्दल काहीच कळत नाही.

तोंडासाठी वेगळी परीक्षा हवी हे ज्या कामातून पुढे आले, ते घशाच्या जिवाणूंवरचे होते. 1980 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कॅथरीन स्प्रंट यांनी अतिदक्षता विभागातल्या नवजात बाळांच्या घशात निरुपद्रवी अल्फा स्ट्रेप्टोकॉकस सोडून पाहिले. घातक जिवाणूंची जागा आधीच अडवून ठेवायची, हा त्यामागचा विचार. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनच्या ओटागो विद्यापीठात जॉन टॅग यांची वाट निराळी होती. घसा धरणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस पुढे संधिवाताचा ताप आणि हृदयाच्या झडपांचा आजार देऊ शकतो. काही मुलांच्या तोंडातले इतर स्ट्रेप्टोकॉकस त्याला मारणारी प्रथिने, म्हणजे बॅक्टेरिओसिन, बनवतात का, हे त्यांना शोधायचे होते.

त्यासाठी 1979 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आजही वापरात आहे. कॅल्शियम कार्बोनेट घातलेल्या रक्त-आगरच्या (जिवाणू वाढवण्याच्या रक्तमिश्रित जेलीच्या) ताटलीवर मधोमध सुमारे 1 सेंमी रुंदीचा उमेदवार जिवाणूचा पट्टा ओढतात. 32 अंश सेल्सियस आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये 18 तास वाढू दिल्यावर काचपट्टीने सगळी वाढ खरवडून काढतात आणि उरलेले जिवाणू क्लोरोफॉर्मच्या वाफेत अर्धा तास ठेवून मारतात. आगरमध्ये झिरपलेला पदार्थ तेवढा मागे राहतो. ताटली नीट हवेशीर केल्यावर जुन्या पट्ट्याला आडवे नऊ ठरावीक सूचक जिवाणू (ज्यांची वाढ अडते का ते पाहायचे) ओढून 37 अंशांवर पुन्हा 18 तास ठेवतात. नऊ जिवाणूंचे तीन गट. प्रत्येक गटातल्या तिघांना 4, 2, 1 असे गुण. जो वाढत नाही त्याचे गुण धरून गटागटाने बेरीज करायची, तिचा एकेक अंक. एकही अडला नाही तर 000, नऊच्या नऊ अडले तर 777. या आकड्यामुळे वेगवेगळ्या वेळी तपासलेले जिवाणू एकमेकांशी ताडता येऊ लागले.

चुका इथेच जास्त होतात. क्लोरोफॉर्म पुरता उडाला नसेल तर सूचक जिवाणू त्यानेच मरतात, म्हणून उमेदवार न लावलेली, पण बाकी सगळी प्रक्रिया केलेली एक ताटली शेजारी हवीच. कॅल्शियम कार्बोनेट विसरले तर लॅक्टिक आम्लाने पडलेला मोकळा पट्टा बॅक्टेरिओसिनचा वाटतो. स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिससारखे जिवाणू हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात; पेरॉक्साइड मोडणारे कॅटालेज घातल्यावर परिणाम नाहीसा झाला तर तो पेरॉक्साइडचा. प्रथिने तोडणाऱ्या ट्रिप्सिन किंवा प्रोटिनेज-केने नाहीसा झाला, तर मात्र प्रथिनाचा संशय पक्का होतो. शिवाय आगरवर भरपूर बॅक्टेरिओसिन देणारा जिवाणू द्रवमाध्यमात पुष्कळदा काहीच देत नाही. नुसते द्रव तपासून उमेदवार बाद करणे म्हणूनच धोक्याचे.

उमेदवार मिळतात लाळेतून किंवा जिभेवरून घेतलेल्या नमुन्यातून. तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस वेगळे काढण्याच्या मायटिस-सॅलिव्हेरियस आगरमध्ये 5 टक्के साखर असते. तिच्यापासून स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस लेव्हान हा चिकट पदार्थ बनवतो आणि फुगीर, निळसर, मऊ गोळीसारख्या वसाहती उठतात. लाळ 10,000 ते 10 लाख पट पातळ केली नाही तर वसाहती एकमेकींत मिसळतात. पुढे ओळख पटवताना जिवाणूंच्या ओळखीसाठी नेहमी वाचल्या जाणाऱ्या फक्त 16एस जनुकावर विसंबू नये. स्ट्रेप्टोकॉकस मायटिस आणि न्यूमोनियाचा जिवाणू यांच्यात ते 99 टक्क्यांहून जास्त सारखे असते. पूर्ण जनुकसंच वाचणे आता परवडते, तेव्हा सबब उरत नाही.

ड्युनेडिनच्या शोधातून पुढे आलेला स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियसचा स्ट्रेन (जातीतला ठरावीक वाण) म्हणजे के-12. त्याचा आकडा 777. सॅलिव्हेरिसिन ए-2 आणि बी ही बॅक्टेरिओसिन त्याची दोन शस्त्रे; त्यांची जनुके एका मोठ्या प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर, असतात. म्हणजे प्लाझ्मिड हरवलेला के-12 दिसायला तोच, पण निकामी. उत्पादनाच्या प्रत्येक खेपेत नुसती संख्या मोजून भागत नाही, ताटलीवरची चाचणीही परत करावी लागते.

ताटलीतला विजय तोंडात टिकतो का, याची उत्तरे संमिश्र आहेत. 2006 च्या एका छोट्या अभ्यासात 23 जणांनी आधी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने चुळा भरल्या, मग गोळ्या चघळल्या. आठवड्याने के-12 घेणाऱ्यांपैकी 85 टक्क्यांच्या श्वासातले गंधकयुक्त वायू ठळकपणे घटले होते, जिवाणू नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी 30 टक्क्यांच्या. स्वीडनमध्ये 2001 मध्ये कानाच्या वारंवार संसर्गासाठी 108 मुलांना अँटिबायोटिकनंतर अल्फा स्ट्रेप्टोकॉकसचा फवारा किंवा जिवाणू नसलेला फवारा दिला. तीन महिन्यांनी निरोगी मुलांचे प्रमाण अनुक्रमे 42 आणि 22 टक्के होते. पुढच्याच वर्षी तिथेच अँटिबायोटिक न देता केलेल्या फवाऱ्याच्या चाचणीत फायदा दिसला नाही. आधी जागा मोकळी करण्याला किती वजन आहे, याचा अंदाज इथे येतो. न्यूझीलंडच्या शाळांमधल्या 2018 च्या अहवालातही के-12 ने घशाचा स्ट्रेप संसर्ग ठोसपणे कमी झाल्याचे दिसले नाही.

दातांसाठी शोध वेगळ्या दिशेने गेला. तिथे उमेदवार स्वतः आम्ल किती सोडतो हे आधी पाहावे लागते, साधारण 5.5 पीएचखाली दाताचे कवच विरघळू लागते. आतड्यात नावाजलेले लॅक्टोबॅसिलस दातावर कीड वाढवू शकतात. फ्लोरिडात जेफ्री हिलमन यांनी कीड आणणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सचेच लॅक्टिक आम्ल बनवणारे जनुक काढून टाकले. स्पेनमधल्या अलेक्स मीरा यांच्या गटाने कीड नसलेल्या माणसांच्या दातांवरून स्ट्रेप्टोकॉकस डेंटिसानी मिळवला. तो आर्जिनिन या अमिनो आम्लापासून अमोनिया बनवून आम्ल उतरवतो. हा मार्ग मला जास्त आश्वासक वाटतो, कारण तो निरोगी तोंडात आधीच चालू असलेले काम वाढवतो.

सुरक्षिततेत तोंडातला रहिवासी म्हणून सूट देऊ नये. कण्यात सुई टोचल्यानंतर होणाऱ्या मेंदूज्वरात स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस अनेकदा सापडतो. मास्क न घातलेल्या डॉक्टरच्या तोंडातले तुषार हे त्याचे ज्ञात कारण आहे. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके, ती दुसऱ्या जिवाणूत जाऊ शकतात का, आणि रक्तपेशी फोडण्याची क्षमता हे सगळे तपासायचे.

टिकून राहण्याची मोजणी त्या स्ट्रेनपुरत्या पीसीआरनेच (ठरावीक डीएनए शोधणाऱ्या चाचणीने) करावी, कारण प्रत्येकाच्या तोंडात स्वतःचा सॅलिव्हेरियस असतोच. अशा मोजणीत तीन दिवस दिलेला के-12 तीन आठवड्यांपर्यंत सापडला, पण आठव्या दिवसानंतर उतरत गेला. म्हणून गोळ्या थांबवल्यानंतरचेही नमुने घ्यायलाच हवेत.