अंगणातला काळा डाग जिवंत असतो

दसरा उलटून पाऊस सरला की आमच्या गोव्यातल्या डिचोली भागात अंगणे साफ करायची घाई सुरू होते. दिवाळी तोंडावर असते, आणि तिच्यापाठोपाठ कार्तिकातले तुळशीचे लग्न. वृंदावनाला रंग, खळ्याला सारवण, सोप्याच्या पायऱ्या घासणे. आमच्या घरी हे शेवटचे काम यंदा माझ्याकडे आले, कारण वहिनी जुलैत याच पायऱ्यांवरून घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. ती ७२ वर्षांची. लग्न होऊन आली तेव्हापासून रोज सकाळी याच वाटेने तुळशीला पाणी घालायला जाते. मग पाय आताच का निसटला? या प्रश्नाचे अर्धे उत्तर दगडात आहे आणि अर्धे शरीरात.

आधी दगड. आमच्या पायऱ्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला हा दगड खाणीतून ताजा काढला की मऊ असतो, सहज कापता येतो आणि उघड्यावर राहून टणक होतो. फ्रान्सिस बुकानन याने केरळात तो पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिले. चिऱ्याला भोके फार. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चिरा तो पितो आणि आंब्याच्या सावलीत असला तर पाऊस थांबल्यावरही कितीतरी दिवस ओलाच राहतो.

या ओलाव्यावर जे वाढते त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. प्रत्यक्षात त्यात हिरव्या शैवालांबरोबर नीलहरित जिवाणूही असतात. ते आपल्याभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचा बुळबुळीत थर तयार करतात. दगडाला धरून राहायला आणि पाणी साठवायला त्यांना तो लागतो. आपला पाय त्यावर पडला की हा थर दाबला जातो आणि तळवा व दगड यांच्यामध्ये तेलासारखा पसरतो. सपाट जमिनीवर साधे चालायला साधारण ०.२ इतका घर्षणांक, म्हणजे पकडीचे माप, पुरतो. कोरडा चिरा त्याहून कितीतरी अधिक पकड देतो, पण बुळबुळीत थराखाली त्याचा खडबडीतपणा तळव्यापर्यंत पोचतच नाही.

उन्हाळ्यात हे सगळे मरून काळे डाग तेवढे उरतात, असा आमच्याकडे सर्वांचा समज. तो बरोबर नाही. अनेक नीलहरित जिवाणूंच्या आवरणात स्कायटोनेमिन नावाचे तपकिरी-काळे रंगद्रव्य असते, जे उन्हातली अतिनील किरणे अडवते. काळा डाग म्हणजे छत्री घेऊन झोपलेली वसाहत. एप्रिलच्या दुपारी अशा डागावर तांब्याभर पाणी ओतून पाहा. थोड्याच वेळात तो फुगतो, बोटाला बुळबुळीत लागतो, कुठे कुठे हिरवट झाक दिसते. नॉस्टॉक या नीलहरित जिवाणूचे संग्रहात कित्येक दशके वाळवून ठेवलेले नमुने पाण्यात टाकल्यावर पुन्हा वाढू लागल्याच्या नोंदी आहेत. म्हणून जूनच्या पहिल्याच सरीला पायरी निसरडी होते. तिला नव्याने शेवाळ धरावे लागत नाही.

यावरून घासण्याची वेळ ठरते. थर वाळून कडक झाला की तो दगडाला घट्ट बसतो, जोर दुप्पट लागतो आणि धूळ नाकात जाते. पाऊस ओसरल्यावर चिरा अजून दमट असताना हिराच्या खराट्याने किंवा नारळाच्या सोडणाने घासले तर तोच थर सोलल्यासारखा निघतो. दाबाच्या पंपाचा मोह मी टाळतो. चिऱ्याच्या भोकांतली मऊ माती त्याने धुपते, भोके खोल होतात आणि पुढच्या वर्षी तिथे अधिक पाणी थांबते.

आता शरीर. तोल सावरायला डोळे, कानातला तोलाचा अवयव आणि पायाच्या तळव्यांकडून येणारी खबर, अशा तिन्हींची गरज असते. वयाबरोबर तिन्ही मंदावतात. साठीत डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो, त्यामुळे पहाटेच्या उजेडात तांबड्या चिऱ्यावरचा पातळ हिरवा थर दिसतच नाही. झटकन आकसणारे स्नायुतंतू इतर तंतूंपेक्षा अधिक झिजतात, आणि निसटलेला पाय सावरायचे काम नेमके त्यांचेच. त्यासाठी वेळ मिळतो एका सेकंदाहूनही कमी. हात आपोआप पुढे टेकतो, आणि हाडे विरळ झाली असतील तर मनगट मोडते. वहिनीचे तसेच झाले. जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडून मरतात, आणि त्यांत सर्वाधिक साठीपुढची असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

घासतानाही एक धोका आहे. उकिडवे बसून एकदम उठले की अर्ध्या लिटरहून अधिक रक्त पायांत आणि पोटात उतरते. मानेतल्या रोहिणीतले दाब ओळखणारे तंतू ते ताडून हृदयाचे ठोके वाढवतात, पण म्हातारपणी ही यंत्रणा सावकाश चालते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आणखीच. डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे. म्हणून मी उंच स्टुलावर बसून लांब दांड्याचा ब्रश वापरतो, सकाळी नऊच्या आत थांबतो आणि तहान लागायची वाट न पाहता पाणी पितो, कारण या वयात तहानही उशिरा लागते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र कधीच करू नका. एकापाठोपाठ एकसुद्धा ओतू नका. दोन्हींच्या संयोगातून क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला होता, तोच हा वायू. नुसते ॲसिडही नको. चुन्याचा गिलावा आणि सांध्यांतले सिमेंट त्यात फसफसून विरते. शेवाळ फार चिवट असेल तर हातमोजे घालून ब्लीचिंग पावडरचे पातळ पाणी पसरावे, पंधरा मिनिटांनी धुऊन काढावे, आणि तुळशीच्या मुळांकडे त्याचा ओघळ जाऊ देऊ नये.

कुंड्यांखालच्या बशाही त्याच दिवशी घासून घ्याव्यात, नुसत्या उपड्या करून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी कडांना चिकटतात आणि कोरडी पडूनही काही महिने तग धरतात.

पूर्वी आम्ही सगळे अंगण लखलखीत करायचो. यंदा सोप्यापासून वृंदावनापर्यंतची हातभर रुंदीची वाट आणि तीन पायऱ्या एवढेच मनापासून घासले, चार सकाळी मिळून. पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या रंगाची पट्टी ओढली आणि भिंतीला हाताला धरायला लोखंडी दांडी बसवली. आंब्याची खालची फांदी छाटली, आता पायरीवर दुपारी दोन तास ऊन येते. कुंपणाच्या गडग्यावरचे हिरवे शेवाळ तसेच ठेवले आहे. तिथे कुणाचा पाय पडत नाही. पुढच्या पावसात दर रविवारी ही वाट सोडणाने घासायची, तिच्यावर थर जाड व्हायच्या आत. वहिनीने कालपासून पुन्हा तुळशीला पाणी घालायला सुरुवात केली आहे, तांब्या डाव्या हातात आणि उजवा हात दांडीवर.