जुनी नॅरोबोट की जुन्या वळणाची नवी? निवडीमागचा इतिहास

इंग्लंडच्या कालव्यांवर पारंपरिक नॅरोबोट, म्हणजे अरुंद कालव्यांच्या मापाची लांबट बोट, घ्यायची म्हटलं की आज दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे १९३०च्या दशकात मालवाहतुकीसाठी बांधलेली, रिव्हेट मारलेली, सत्तर-बहात्तर फुटी खरी बोट. दुसरी म्हणजे गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत वेल्डिंगने बांधलेली, हुबेहूब तशीच दिसणारी रेप्लिका. काठावरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात. तीच बाकदार नाळ (बोटीचं पुढचं टोक), काळ्या बाजू, केबिनवर गुलाब आणि किल्ल्यांची चित्रं, चकचकीत पितळी कड्यांची चिमणी आणि इंजिनाचा सावकाश ठोका. ही निवड करायची वेळ का आली, याचं उत्तर कालव्यांच्या अडीचशे वर्षांपैकी शेवटच्या नव्वदांत आहे.

अठराव्या शतकातली एकच गोष्ट इथे लागते. १७६०च्या दशकात मिडलंड्समधले, म्हणजे मध्य इंग्लंडमधले, कालवे आखताना पाणी आणि बोगद्यांचा खर्च वाचावा म्हणून लॉकची (बोट वरच्या किंवा खालच्या पातळीला नेणाऱ्या, दारं असलेल्या पाण्याच्या हौदाची) रुंदी साधारण सात फूट धरली गेली. तेव्हापासून बोटीची रुंदी कोणालाच बदलता आलेली नाही. आज कारखान्यातून बाहेर पडणारी नॅरोबोटही त्याच मापात कोंबलेली असते. पुढे रेल्वेने भाडी पाडली, तेव्हा काठावरचं घर परवडेनासं झालं आणि नावाड्यांची कुटुंबं बोटीवर राहायला आली. मागच्या टोकाला आठ-दहा फूट लांबीची केबिन. तिच्यात शेगडी, दार खाली पाडलं की टेबल होणारं कपाट, बाजूचा बाक आणि रात्री आडवा पसरायचा पलंग. एवढ्यात नवरा-बायको आणि पोरं. या गर्दीवर निर्बंध आणण्यासाठी १८७७ आणि १८८४ साली कायदे झाले. केबिनच्या बाजूवर नोंदणी-क्रमांक रंगवायची पद्धत तेव्हाची. आज एखाद्या बोटीची ओळख पटवताना हे क्रमांक फार उपयोगी पडतात.

रेप्लिका बांधणारे ज्या आकाराची सर्वांत जास्त नक्कल करतात, त्याला ‘जोशर’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सर्वांत मोठ्या वाहतूक कंपन्यांपैकी एका कंपनीच्या भागीदाराच्या नावावरून हा शब्द पडला. या कंपनीने १९१२ पासून बोटींत स्वीडिश बोलिंडर इंजिनं बसवली. एकच सिलिंडर, सुरू करण्याआधी ब्लोलॅम्पने डोकं तापवायचं आणि बोट मागे घ्यायची असेल तर इंजिनच उलटं फिरवायचं. बोटींच्या बाजू घडीव लोखंडाच्या आणि तळ एल्म लाकडाच्या आडव्या फळ्यांचा. एखादी फळी खडकाला घासून झिजली तर तेवढीच बदलायची. तळ बदलणं हा तेव्हापासूनचा नेहमीचा भाग आहे, हे पुढच्या वादासाठी लक्षात ठेवावं.

आता मुख्य काळ. १९३४ साली लंडन-बर्मिंगहॅम मार्गावर ५१ रुंद लॉक नव्याने बांधून तयार झाली. बारा-साडेबारा फूट रुंदीचे मोठे मालवाहू बार्ज आणायचे असा बेत होता. पण पूल तेवढेच अरुंद राहिले, गाळ पुरेसा निघाला नाही, आणि बार्ज आलेच नाहीत. मग त्या रुंद लॉकमधून जुन्याच मापाच्या दोन बोटी शेजारी-शेजारी जाऊ लागल्या. एरवी वाटेत पुढे इंजिन असलेली ‘मोटर’ बोट, मागे तिने ओढायची बिनइंजिनाची ‘बटी’. दोघी मिळून पन्नासेक टन माल. पुढच्या तीन-चार वर्षांत त्या मार्गावरच्या वाहतूक कंपनीने अशा जोड्यांचा सपाटा लावला. वूलिच, नॉर्थविच आणि रिकमन्सवर्थच्या गोद्यांत शेकडो बोटी झाल्या. ताऱ्यांची नावं दिलेल्या त्या ‘स्टार’ वर्गाच्या, गावांची नावं दिलेल्या आणि बाजू जास्त उंच असलेल्या त्या ‘टाउन’ वर्गाच्या. बोटी इतक्या झाल्या की चालवायला माणसं मिळेनात, आणि कित्येक नव्या बोटी धक्क्याला बांधून पडल्या. दुसऱ्या महायुद्धात याच बोटींवर प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी लंडनहून माल नेला आणि परतीला कोळसा आणला. आज बाजारात ‘ऐतिहासिक’ म्हणून दिसणाऱ्या बोटींपैकी मोठा वाटा या चार वर्षांच्या अतिउत्साहाचा आहे.

१ जानेवारी १९४८ रोजी कालव्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. बोटी निळ्या-पिवळ्या रंगल्या आणि हळूहळू कमी होत गेल्या. १९५०च्या दशकाच्या शेवटी कामातून गेलेल्या कित्येक बोटी लंडनच्या पश्चिमेला हेअरफिल्डच्या रेतीखाणींच्या पाण्यात बुडवण्यात आल्या. १९६२च्या नाताळानंतर जी थंडी पडली, तिने कालवे मार्चपर्यंत गोठवून ठेवले. बर्फात अडकलेल्या बोटींचा माल लॉऱ्यांनी उचलला आणि तो परत आला नाही. १९६३ मध्ये सरकारी वाहतूक जवळजवळ बंदच झाली. अॅथरस्टोनहून साउथॉलच्या जॅमच्या कारखान्याला कोळसा नेणारी नियमित फेरी १९७०च्या ऑक्टोबरमध्ये थांबली, तेव्हा अरुंद कालव्यांवरच्या लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीचा एक काळ संपला.

त्यानंतर जे झालं, त्यावर अजून भांडणं होतात. बोटी स्वस्तात विकल्या गेल्या आणि घेणाऱ्यांना त्यावर सुट्टी काढायची होती. सत्तर फुटी बोट वळवायला जड. शिवाय उत्तरेतल्या काही कालव्यांची लॉक आखूड. कॅल्डर अँड हेबल या कालव्यावर सत्तावन फुटांपुढे अडचण येते. मग बोटी कापल्या गेल्या. इंजिनाची मागची बाजू ठेवायची, मधला भाग काढायचा आणि पुढची नाळ आणून जोडायची. कधी एकाच बोटीच्या दोन बोटी झाल्या आणि दोन्ही तुकडे वेगवेगळ्या नावांनी फिरू लागले. बटीत इंजिन बसलं. माल भरायच्या मोकळ्या जागेवर प्लायवूडची लांबलचक केबिन चढली. आज हे वाचताना हळहळ वाटते. पण ज्यांनी कापल्या त्यांनीच त्या वाचवल्या, हेही तितकंच खरं. त्यांनी घेतल्या नसत्या तर त्या रेतीखाणीत गेल्या असत्या.

या कापाकापीमुळे ‘ऐतिहासिक’ आणि ‘रेप्लिका’ या दोन शब्दांचा गुंता तयार झाला. बोट घेणाऱ्याने तो नीट समजून घेणं फार गरजेचं आहे. जाहिरातीत हे शब्द सर्रास वापरले जातात, पण प्रत्येक ठिकाणी त्यांचा अर्थ वेगळा असतो.

ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदवहीत ऐतिहासिक जहाज म्हणून नाव लागायचं तर वय पन्नास वर्षांहून जास्त, लांबी ३३ फुटांहून जास्त, ब्रिटनशी संबंध सिद्ध करता यावा आणि सांगाडा ‘बऱ्याच अंशी शाबूत’ असावा लागतो. शेवटच्या तीन शब्दांवर सगळं अडतं. १९३६ची एक बोट घ्या. १९६०च्या दशकात ती चाळीस फुटांवर आणली. पुढे हौशी मालकाने नवा मधला भाग घालून परत सत्तर फूट केली. एल्मचा तळ काढून पोलादी पत्रा टाकला, कारण १९७०च्या दशकात एल्म वृक्षांवर रोग पडला आणि लांब फळ्या मिळेनाशा झाल्या. बाजूंचा पाण्यालगतचा पट्टा गंजून पातळ झाला म्हणून तोही बदलला. आता नाळ जुनी, मागचं टोक जुनं, नाव जुनं, आणि वजनाने अर्ध्याहून जास्त बोट नवी. ती शाबूत आहे का?

रेप्लिका या शब्दाची कायद्यातली व्याख्या तर अनेकांना चकित करते. जून १९९८ पासून नव्या करमणुकीच्या बोटींना युरोपीय सुरक्षानियम सक्तीचे झाले. त्यातून सूट मिळणाऱ्यांत ऐतिहासिक बोटी आणि त्यांच्या ‘एकेकट्या’, म्हणजे सुट्या एकेक करून बांधलेल्या, प्रतिकृती आल्या. अटी अशा : मूळ आराखडा १९५०पूर्वीचा हवा, बांधणी मुख्यतः मूळ साहित्यातच हवी आणि बांधणाऱ्याने तसं स्वतः नमूद करायला हवं. या कसोटीवर जोशर वळणाची रेप्लिका टिकत नाही. मूळ साहित्य म्हणजे घडीव लोखंड आणि एल्म. घडीव लोखंडाचं व्यापारी उत्पादन ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकातच थांबलं आणि एल्मची अवस्था वर सांगितलीच. उलट १९३०च्या दशकातल्या कित्येक ‘स्टार’ बोटींच्या बाजू मुळातच पोलादाच्या. अशा बोटीची वेल्डिंगने बांधलेली नक्कल साहित्यापुरती तरी मुळाच्या जवळ जाते, कारण नियम साहित्याबद्दल बोलतो, जोडणीबद्दल नाही. रिव्हेट की वेल्ड, ज्यावर धक्क्यावर तासन्‌तास वाद होतात, तो प्रश्न कायद्याला पडलेलाच नाही. बाजारात रेप्लिका म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक बोटी प्रत्यक्षात सर्वसाधारण नव्या बोटींसारख्याच नियमांखाली बांधल्या जातात, आणि घेणाऱ्याच्या दृष्टीने ते बरंच आहे.

आपल्याकडे यासाठी नेमके शब्द आहेत. डागडुजी वेगळी, जीर्णोद्धार वेगळा, प्रतिकृती वेगळी. देवळाचा सभामंडप पाडून नवा बांधला, शिखर नवं केलं, भिंतीचे दगड बदलले, तरी आपण त्याला जीर्णोद्धारच म्हणतो, कारण गाभारा हललेला नसतो. नॅरोबोटीचा गाभारा कोणता, एवढंच मग ठरवायचं राहतं. लोखंड किती जुनं हा मला दुय्यम प्रश्न वाटतो. या बोटी माल भरण्यासाठी झाल्या होत्या. केबिन आणि इंजिनघराच्या पुढची चाळीस-पन्नास फूट मोकळी जागा, तिच्या मधोमध टाकलेल्या फळ्या आणि वरून ताणलेली ताडपत्री, हेच त्यांचं असण्याचं कारण. ती जागा शिल्लक असेल तर नव्या तळाचीही बोट जुनीच. तिच्यावर पक्की केबिन चढली असेल तर मूळ रिव्हेट असूनही बरंच काही गेलेलं आहे. हे मत सगळ्यांना मान्य नाही. साठ वर्षांपूर्वी चढवलेली केबिन हाही आता इतिहासच, असं म्हणणारे अनुभवी लोक आहेत.

रेप्लिकांची लाट १९८०च्या आसपास जोर धरू लागली. तोवर चांगल्या जुन्या बोटी दुर्मीळ झाल्या होत्या आणि भाड्याने मिळणाऱ्या डबेवजा पोलादी बोटींना लोक कंटाळले होते. काही कारागिरांनी जुन्या सांगाड्यांची मापं घेतली आणि नाळेचा बाक, मागची लांब निमुळती वळणं परत आणली. ही वळणं केवळ शोभेची नव्हेत. त्यांनी बोट ढकलणाऱ्या पंख्याकडे पाणी स्वच्छ येतं आणि बोट हाताला गोड चालते. जुनी गार्डनर, केल्व्हिन, लिस्टर इंजिनं कुठून कुठून शोधून, उघडून, नव्यासारखी करून बसवण्यात आली. १९३०च्या दशकातल्या जोड्यांत असलेलं अठरा अश्वशक्तीचं दोन सिलिंडरचं इंजिन त्याच आराखड्यावर या शतकातही नव्याने बनत राहिलं.

मध्य इंग्लंडमधल्या ब्राउन्स्टन गावी जूनच्या अखेरीस जुन्या बोटींचा मेळा भरतो. तिथे दोन्ही प्रकार जवळून पाहता येतात. रेप्लिकेच्या बाजूवरून हात फिरवला तर रिव्हेट एका मापाचे, एका रेषेत, आणि त्यांच्याखाली पत्रा सलग लागतो. ते शोभेला चिकटवलेले असतात. जुन्या बोटीवर प्रत्येक डोकं थोडं वेगळं, काही झिजून सपाट झालेली, आणि दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथे बोटाला स्पष्ट पायरी लागते. लॉकच्या भिंतींनी ऐंशी वर्षांत घातलेले पोचेही तिथेच असतात.

राहणाऱ्याच्या बाजूने हिशोब बराच सरळ आहे. नव्या बोटीचा तळ दहा मिलिमीटर, बाजू सहा, केबिन चार. उबेसाठी अस्तर, नेटकं वायरिंग, न्हाणीघर. जुन्या बोटीच्या बाजूची जाडी गोदीत काढून मोजावी लागते आणि पत्रा चार मिलिमीटरच्या खाली उतरला की विमा कंपन्या कुरकुरतात. वरून नवा पत्रा चिकटवायचा की गंजका भाग कापून काढायचा, हा पुढचा वाद. पहिला मार्ग स्वस्त, पण वजन वाढतं आणि जुनं लोखंड आतल्या आत कुजत राहतं. जुन्या बोटी पाण्यात अडीच-तीन फूट बसतात, त्यामुळे गाळ साचलेल्या कालव्यात त्या तळाला घासत चालतात. वर्षभर कुटुंबासह राहायचं असेल तर रेप्लिका घ्यावी, असंच मी सांगेन. खरी बोट घेऊन तिच्यावर घर उभं करण्यापेक्षा हे बोटीच्या आणि मालकाच्या, दोघांच्याही भल्याचं.

एका बाबतीत मात्र रेप्लिका बांधणाऱ्यांनी संयम ठेवायला हवा होता असं वाटतं. बंद पडलेल्या कंपनीचं नाव, तिचे रंग आणि ताफ्यातला क्रमांक नव्या बोटीवर रंगवला जातो. पुढे दोन-तीन मालक बदलले की खरं काय ते सांगणारं कोणी राहत नाही. जकातीसाठी बोटी मोजल्याच्या जुन्या नोंदी बऱ्याच टिकल्या आहेत. काठ पाण्यापासून किती इंच वर आहे त्यावरून टनांचा हिशोब होई. या नोंदींवरून खोटी ओळख पकडता येते, पण ते काम किचकट आहे.

अलीकडे चित्र थोडं पालटलं आहे. काही मालक साठच्या दशकातल्या केबिनी उतरवून जागा परत मोकळी करत आहेत आणि ताडपत्रीखाली राहायची सोय करत आहेत. काही जुन्या बोटी पुन्हा माल वाहतात. कोळशाची पोती, डिझेल, गॅसचे सिलिंडर घेऊन त्या कालव्यावर राहणाऱ्यांच्या दारात जातात. हिवाळ्यात अशी भरलेली बोट वळणावरून येताना दिसते तेव्हा तिचा काठ पाण्यापासून वीतभरच वर असतो, आणि तिच्याकडून कोळसा घेणाऱ्यांत रेप्लिकांचे मालकही असतात.