वीस वर्षांखालील जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा: पुण्यातील खेळाडूंसाठी पात्रता, निवड आणि कागदपत्रे

वीस वर्षांखालील जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेसाठी खेळाडूने किंवा पालकांनी स्वतः भरावयाचा असा कोणताही अर्ज नाही. प्रवेशिका केवळ देशाची राष्ट्रीय संघटना पाठवते आणि आपल्याकडे ती ॲथलेटिक्स फेडरेशन ऑफ इंडिया आहे. त्यामुळे 'थेट प्रवेश मिळवून देतो' असे सांगून शुल्क मागणाऱ्याला पैसे देऊ नयेत. खेळाडूच्या हाती दोनच गोष्टी असतात: ग्राह्य धरली जाईल अशी कामगिरी आणि एकमेकांशी जुळणारी कागदपत्रे.

१९८६ साली अथेन्समध्ये सुरू झालेली ही स्पर्धा २०२६ मध्ये ५ ते ९ ऑगस्ट या काळात अमेरिकेतील युजीन येथे ठरलेली आहे. वय मोजले जाते ते स्पर्धेच्या दिवशी नव्हे, तर त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला. म्हणून २०२६ साठी २००७ ते २०१० या चार वर्षांत जन्मलेले खेळाडूच पात्र ठरतात. ३१ डिसेंबर २००६ रोजी जन्मलेला मुलगा एका दिवसाने बाहेर राहतो.

निवडीचा मार्ग जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि राष्ट्रीय स्पर्धा असा जातो, आणि त्यासाठी फेडरेशनचा नोंदणी क्रमांक, म्हणजे यूआयडी, आधी काढावा लागतो. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धांची साखळी यापासून वेगळी आहे. दोन्ही प्रकारच्या स्पर्धा बालेवाडीच्या संकुलात होत असल्याने पालकांचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे, परंतु शालेय पदकामुळे संघटनेच्या निवड चाचणीत आपोआप जागा मिळत नाही. एका क्रीडाप्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त दोनच खेळाडू उतरू शकतात, त्यामुळे पात्रता निकष गाठूनही राष्ट्रीय क्रमवारीत तिसरा आलेला घरी राहतो. पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा वेग सेकंदाला २.० मीटरपेक्षा अधिक असताना झालेली १०० किंवा २०० मीटरची वेळ, तसेच लांब उडी, ग्राह्य धरली जात नाही. गोळाफेकीत मुलांसाठी ६ किलोचा गोळा लागतो. अठरा वर्षांखालील गटातील ५ किलोच्या गोळ्याने केलेली फेक कितीही लांब गेली तरी येथे उपयोगाची नाही.

खरी अडचण येते ती कागदपत्रांत. जन्म जेथे झाला तेथील नोंदणी कार्यालयाचाच जन्मदाखला मिळतो, म्हणजे ससूनमध्ये जन्म झाला असेल तर पुणे महापालिकेचा, पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात झाला असेल तर पिंपरी-चिंचवड महापालिकेचा आणि गावी घरी झाला असेल तर ग्रामपंचायतीचा. वर्षभरात नोंद झालीच नसेल तर सक्षम दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्याला वेळ जातो. शाळेच्या दाखल्यात आडनाव आधी, आधार कार्डावर ते शेवटी, जन्मदाखल्यावर केवळ 'बाळ' आणि पासपोर्टवर वडिलांचे नाव गाळलेले, ही आपल्याकडची नेहमीची परिस्थिती आहे. दहावीचा परीक्षा अर्ज भरण्यापूर्वीच सर्व ठिकाणी नाव व जन्मतारीख एकसारखी करून घेणे शहाणपणाचे, कारण पुढे राजपत्रातील प्रसिद्धीपासून सर्वच खटाटोप वाढतो. वयाबाबत शंका आल्यास मनगटाचा एक्स-रे काढून तपासणी होऊ शकते. जन्मतारीख 'थोडी पुढे' नोंदवून घेण्याचा सल्ला देणाऱ्या प्रशिक्षकापासून म्हणूनच दूर राहावे.

पासपोर्ट निवड होण्याची वाट न पाहता आधीच काढावा. अर्जदार अठरा वर्षांखालील असल्यास आई-वडिलांची संमती परिशिष्ट 'ड' मध्ये द्यावी लागते आणि मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात मूळ कागदपत्रे सोबत न्यावी लागतात. अमेरिकेच्या व्हिसासाठीची पत्रे फेडरेशनमार्फत येतात, परंतु हाती पासपोर्टच नसेल तर ती पत्रे निरुपयोगी ठरतात.

मुलींच्या गटासाठी १ सप्टेंबर २०२५ पासून एसआरवाय (पुरुष लिंगाच्या घडणीशी संबंधित) जनुकाची चाचणी आवश्यक करण्यात आली आहे. गालाच्या आतील नमुन्यावरून किंवा रक्तावरून होणारी ही चाचणी आयुष्यात एकदाच करावी लागते. दम्यासाठी पंप घेणाऱ्या खेळाडूंनी डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवावी, कारण उत्तेजकविरोधी नियमांनुसार पंपातील साल्ब्युटामोल या औषधाला २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आहे. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी मात्र स्पर्धेच्या काळात निषिद्ध असल्याने, दवाखान्यात गेल्यावर आपण खेळाडू आहोत हे डॉक्टरांना आधी सांगावे.